खाकी शर्टाच्या खिशातली सेव

—नाही हो, उदयसिंहजी, वजन कसलं, आणा ती फ्रेम इकडे. तुम्ही पंख्याखाली बसा. आत बायकांचं साड्या बघणं सुरू झालंय, मतलब सुपारी फुटायला अजून अवकाश आहे, तोवर आपण दोघं निवांत. आणि एक आधीच सांगून ठेवतो, हा विषय मी काढलेला नाही—नंतर कोणी विचारलं तर तुम्ही गवाह—तुम्ही आपल्या तोंडानं म्हणालात, की चिंतामणजी, आमच्या बाबांचा कॅडेट असतानाचा हा शर्ट, यावरचा बॅज आमच्या पीयूषच्या फेट्याला लावून वरात काढायची आहे, तर जरा असली आहे का बघून द्या. म्हणालात ना? बस्स. कारण आमच्या बेबीनं—म्हणजे आमच्या मिसेसनं—सकाळी मला देवासमोर उभं करून शपथ घातलीय, की सुपारी फुटेपर्यंत बॅज हा शब्द तोंडातून निघता कामा नये. आणि शमिका तर म्हणाली, बाबा, या वेळी तुम्ही पाहुण्यांचं काही ओळखून दाखवलंत तर मी तुम्हाला ओळख देणार नाही. पोरीचा जीव आहे हो तुमच्या पीयूषवर. चहा गाळता गाळता हसते. मी बापच आहे, मला कळत नाही का.

'या वेळी' म्हणजे? म्हणजे... काही नाही, बोलण्याची पद्धत असते एकेकीची. ऐकलंत? आत कोणी तरी खोकलं. बेबी. तो खोकला नाही, सिग्नल आहे. एकदा खोकली तर सावध, दोनदा खोकली तर विषय बदला, आणि ठसका लागला तर समजायचं, रात्री जेवायला मिळणार नाही. आत्ता एकदाच खोकली, मतलब परवानगी आहे.

हे कपाट बघा. लोक घरात देवघर दाखवतात, मी हे दाखवतो. हे सगळे कॅडेटचे. फौजेचे नाहीत बरं का! फौजेचे बॅज कोणीही जमवतं. महूच्या छावणीत कबाडीकडे गेलात तर टोपलीभर मिळतील. पण कॅडेटचं काय होतं, पोरगं परेड करतं, सर्टिफिकेट मिळतं, नोकरी लागते, अन् बॅज जातो शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये. कोणी सांभाळत नाही. म्हणून मी सांभाळतो. हे जुन्या युनिव्हर्सिटी कोरचं पितळ, हे एन.सी.सी. आल्यानंतरचं, हे शाळकरी पोरांचं. हे कापडी, हे धातूचं. मागून बघा—मागूनच बघायचं असतं! समोरून तर सगळेच बॅज इमानदार दिसतात, माणसांसारखे. मागची कडी कशी जोडलीय, कडा किती झिजल्यात, खाचेत ब्रासो पॉलिशचं पांढरं बसलंय का... ब्रासो खोटं बोलत नाही, उदयसिंहजी.

आणि हा कोपऱ्यातला पुतळा आमचा हवालदार. कपड्याच्या दुकानातून आणला, एक हात नव्हता म्हणून देऊन टाकला त्यांनी. युनिफॉर्म त्यालाच घालून ठेवतो. मघाशी तुमच्या आईसाहेब आल्या ना, चपला काढल्या अन् सरळ हवालदाराकडे गेल्या, टोपी थोडी फिरवली अन् बॅज बरोब्बर डाव्या डोळ्यावर आणला. मी बघतच राहिलो! इतकी वर्षं मी ती टोपी जरा उजवीकडे ठेवत होतो. एक शब्द बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. मी बेबीला म्हटलं, बघ, नवऱ्याचा संस्कार बघ, मिस्टरांना बघून बघून शिकल्या असतील.

घरात जुनं ठेवणं सोपं नाही हो या इंदूरात. आपलं शहर स्वच्छ, अभिमान आहे, लेकिन कचरागाडीचं गाणं वाजलं की आमच्या बेबीचे हात शिवशिवायला लागतात. एकदा पासष्टच्या आसपासची बेरे टोपी सूख्या कचऱ्यात गेली. मी अनवाणी चौराह्यापर्यंत पळालो गाडीमागे. ड्रायव्हर म्हणतो, अंकल, भाभीजी ने सही डाला है, कपड़ा सूखे में ही जाता है. त्याला मी ऐतिहासिक वारसा समजावून सांगितला. आमच्या अर्ध्या तुकोगंज मोहल्ल्यानं ऐकला. टोपी परत मिळाली, पण त्यानंतर बेबी महिनाभर माझ्याशी फक्त ओला-सूखा एवढंच बोलत होती.

हां, तुमचा शर्ट. बघतो, बघतो. काचेतून सुरेख दिसतो. फ्रेमवाल्यानं घडी अशी घातलीय, की नुसता एक खिसा, एक खांदा आणि बॅज दिसतोय. खाली पितळी पाटी, 'कै. विक्रमराव, सीनियर अंडर ऑफिसर, दिल्ली परेड'. वा! कॅडेटांतला सगळ्यात वरचा हुद्दा! तुम्ही लावली? हॉलमध्ये टांगलेली असते? येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता? दाखवायलाच पाहिजे. तुमचे पणजोबा होळकरांच्या पलटणीत, आजोबा शिलेदार, मग वडील परेडला जाणारच. दिल्लीचं बाबांनी स्वतः सांगितलं होतं तुम्हाला? ...बोलायचे नाहीत. कमी बोलायचे. तरी पक्कं कशावरून? ...अच्छा. दर सव्वीस जानेवारीला सकाळी रेडिओवर परेड लावून बाबा हा बॅज चमकवत बसायचे. जुनं फडकं, ब्रासो. कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. क्या बात है. बघा, माझ्या अंगावर काटा आला. असा माणूस मला भेटायला पाहिजे होता हो. फोटो? वर्दीतला फोटो नाही? असू द्या, असू द्या, त्या काळी कुठे होते कॅमेरे घरोघर.

तर मग फ्रेम उघडायची ना? काचेतून ओळखणं म्हणजे फोनवर नाडी बघणं. तुमची परवानगी आहे? एकदम जपून. हे चार खिळे, हा पुठ्ठा... कारखान्यात तुम्ही नटबोल्ट उघडत असाल, सांवेर रोडवर तुमची हयात गेली, पण फ्रेमचं काम वेगळं, एक खिळा वाकला की काच गेली. हं. निघाला.

आता पहिली टेस्ट. हसायचं नाही. सगळ्या देशात बॅजवाले आहेत, त्यांच्या आपापल्या टेस्ट आहेत, पण इंदूरचा कॅडेट ओळखायची टेस्ट फक्त मला माहीत आहे. ती मी कोणाला सांगत नाही. तुम्ही होणारे व्याही म्हणून सांगतो. खिसा उलटा करायचा. कशासाठी? सेवेसाठी! नमकीन शेव, ती आपली सेव. परेड झाली की कॅडेटला रिफ्रेशमेंट मिळायचं, बरोबर? आता इंदूरच्या पोराला तुम्ही पोहे द्या, केळं द्या, समोसा द्या—सेव असल्याशिवाय तो खाईल का? तर घरून निघतानाच खिशात मूठभर टाकून निघायचं. सावधानमध्ये उभं असताना हात लावता येत नाही, विश्राम म्हटलं की एक बोट खिशात. त्यामुळे शिवणीत सेव जाते. धुतलं तरी जात नाही, इस्त्री केली तर आणखी आत जाते. भोपाळचा युनिफॉर्म माझ्याकडे आहे, खिसा कोरा. ग्वाल्हेरचा आहे, कोरा. इंदूरचा म्हणून विकायला आणलेले किती तरी मी खिसा उलटा करून परत पाठवले.

बघा. बघा! हे पिवळट पीठ दिसतंय शिवणीत? मुंग्यांनी सोडलंय, इतकं जुनं. वास घ्या. नको? मी घेतो. लौंग सेव. चाखू का? ...अहो, चिमूटभरानं काय होतंय. हं. लवंग आहे. हंड्रेड परसेंट इंदूरी, हंड्रेड परसेंट असली! अभिनंदन, उदयसिंहजी! द्या हात. शर्ट असली, परेड असली, लावा बॅज फेट्याला, अन् वरात माझ्या दारात येईल तेव्हा मी स्वतः सॅल्यूट मारीन.

खरं सांगू, जीव भांड्यात पडला माझा. कारण मागच्या वेळी... आता सांगून टाकतो, आपण आता घरचेच. मागच्या वेळी एक स्थळ आलं होतं शमिकाला, मोठी माणसं, त्यांनी आजोबांचा लाल कोट आणला होता दाखवायला. राजदरबारी कोट म्हणे. बटणं सोनेरी, खांद्यावर झालर. मी बाही उलटी केली तर आतमध्ये शिंप्याची चिठ्ठी, बँडवाल्याची. लग्नाच्या बँडचा कोट हो! खिशात क्लॅरिनेटची पात निघाली. मी गप्प बसायला पाहिजे होतं की नाही? बेबी म्हणते बसायला पाहिजे होतं. पण मी काय केलं, मला वाटलं त्यांना आनंद होईल, मी म्हटलं, तुमचे आजोबा कलावंत होते! श्रीखंड तसंच राहिलं. ते गाडीत बसून गेलेसुद्धा. मी बाल्कनीतून ओरडून सांगत होतो की कोट व्हिंटेजच आहे...

ऐकलंत, दोनदा खोकली. विषय बदलतो. तर ही दुसरी टेस्ट, नुसती फॉर्मॅलिटी, घडी उघडून बटणं बघायची. बटणं एका टेलरची असली की... अं? थांबा हं. चष्मा. माझा चष्मा कुठे गेला? डोक्यावर आहे होय.

काही नाही. काही नाही म्हटलं ना. तुमचे वडील डावखुरे होते का, उदयसिंहजी? असंच विचारलं. नव्हते. बरं. नाही, बटणं जरा डावीकडे आलीत. म्हणजे काज उजवीकडे अन् बटणं डावीकडे. होतं असं. टेलर घाईत असतो, सणासुदीचे दिवस असतात, उलटं कापतो. छातीला—नाही, कपड्याला, कपड्याच्या छातीला हे टक्स घेतलेत. दोन्हीकडे. तुमच्या बाबांची छाती... भरदार होती? म्हणजे पैलवानी? व्यायामाची सवय? सडपातळ होते. हो, फ्रेमच्या आकारावरून वाटलंच मला. अन् कंबर पण आत घेतलीय. पोट नव्हतं ना त्या काळी लोकांना, सेव खाऊनसुद्धा.

नाही हो, मी कुठे घाबरलो? गरम होतंय. पंखा वाढवू? हे खिशाच्या कोपऱ्यात काय टोचलं? ...आकडा आहे. केसांचा आकडा. काळा, लांब. बाबांचे केस... हे बघा, रागावू नका, मी फक्त विचारतो, विक्रमराव केस वाढवायचे का? त्या काळी हिरोंची फॅशन होती...

कुठे निघालात? बसा ना! अहो उदयसिंहजी, मी त्यांचा अपमान कसा करीन, मला भेटायला पाहिजे होता म्हटलं ना मी तो माणूस! बसा, पाया पडतो तुमच्या. बेबीला ठसका लागला बघा, ऐका, जीव जाईल तिचा. तुम्ही आत्ता उठून गेलात तर ती पोरगी... तिनं नवीन कप काढलेत आज. पीयूषला आलं जास्त आवडतं म्हणून दोनदा आलं किसलं. माझ्या जिभेपायी दुसऱ्यांदा तिचं मोडलं तर मी हे कपाट कचरागाडीत घालीन, स्वतःच्या हातानं, ओल्यात की सूख्यात तेसुद्धा विचारणार नाही.

बसलात. थँक्यू. आता मी काही बोलत नाही. असली आहे, लावा फेट्याला, संपला विषय.

...

पण असा कसा संपला विषय! नाही, मला नाही जमत. उदयसिंहजी, हा शर्ट बाईचा आहे. घ्या, बोललो. मुलीचा. पोरी पण परेड करायच्या, त्यांचंही डिव्हिजन होतं, त्यापण दिल्लीला जायच्या, सव्वीस जानेवारीला कडाक्याच्या थंडीत! अन् माझ्याकडे त्यातलं एकही नाही. एकही! सगळं कपाट बघा, नुसते बाप्ये. इतकी वर्षं शोधतोय, महू पालथं घातलं, राऊच्या भंगारवाल्यांची दारं वाजवली. नाही मिळत. का माहितेय? पुरुषाचा युनिफॉर्म जातो ट्रंकेत, अन् बाईचा जातो पोछ्यात. लग्न होतं, सासरी जाते, शर्टाची दुपटी होतात, दप्तर शिवलं जातं, उरलं की फरशी पुसायला. आणि हा राहिलाय. बटणासकट, बॅजसकट, सेवेसकट. तुमच्या हॉलमध्ये टांगलेला होता, अन् तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला... अहो, मला नाचावंसं वाटतंय आणि रडावंसं पण वाटतंय, अन् पोरीचं लग्न मोडू नये असंही वाटतंय, एका वेळी एवढं सगळं माझ्या वयाला झेपत नाही.

कोणाचा म्हणून काय विचारता? मला काय माहीत. तुमच्या आत्या होत्या? एकही नाही. मावशी? धारला, शाळा सोडलेली. मग तुमच्या घरात त्या वयाची दुसरी कोण बाई असणार जिला बॅज डाव्या डोळ्यावर...

थांबा.

हवालदाराची टोपी.

उदयसिंहजी, मागे बघू नका. म्हणजे बघा, पण हळू बघा. आईसाहेब! या, या ना. तुम्ही दारात कधीपासून उभ्या आहात? सेव चाखली तेव्हापासून? अरे बाप रे. माफ करा, ती तुमची सेव होती. हो, लौंगच होती, मी म्हटलंच. घरची? तुमच्या आईंच्या हातची? काय भिया, उदयसिंहजी, मी इतका मोठा जाणकार, अन् दुकानची समजलो!

हा तुमचा. घ्या ना हातात. तुमचाच आहे, मी कोण देणारा.

सीनियर अंडर ऑफिसर पण तुम्हीच? पाटीवर तेवढं बरोबर लिहिलंय. नाव सोडून सगळं बरोबर आहे. मग दर सव्वीस जानेवारीला विक्रमराव जो चमकवत बसायचे, रेडिओ लावून, कोणाला हात न लावू देता... तो तुमचा. बायकोचा बॅज. म्हणायचे काय ते? 'तू पोळ्या कर, आज पॉलिश माझ्याकडे'? उदयसिंहजी, ऐकताय ना? तुम्ही लहानपणी शेजारी बसून बघितलंत अन् बाबांचा समजलात. काय म्हणता, आईसाहेब, सांगितलं होतं विक्रमरावांनी? एकदा सांगितलं होतं? अन् हे उदयसिंहजी म्हणाले, बाबा मजाक करतायत. नंतर परत कोणी विचारलंच नाही. नाही विचारलं. मी तरी कुठे विचारलं? आईसाहेब, तुम्ही माझ्याच घरात माझ्याच हवालदाराची टोपी दुरुस्त केलीत, अन् मी म्हटलं मिस्टरांनी शिकवलं असेल. बेबीसमोर म्हटलं. बेबी आता हे मरेपर्यंत ऐकवणार मला.

उदयसिंहजी, घ्या माझा रुमाल. घ्या, स्वच्छ आहे, यानं फक्त बॅज पुसतो.

काय म्हणालात, आईसाहेब? सुपारी? आत्ता? आणतो! बेबी, सुपारी आण, अगं खोकू नकोस, बाहेर ये, सुपारी मागतायत! ...अन् बॅज? फेट्याला नाही लावायचा? का? मी बोललो म्हणून? नाही... शमिकाला? तुम्ही स्वतः लावणार? आमच्या शमिकाला? शमू, ये इकडे, पदर सरळ कर, अगं त्या कोण आहेत माहितेय का तुला, त्या दिल्लीला... आईसाहेब, फक्त एक सांगतो, पिन जराशी वरून घ्या, कारण ही मागची कडी आहे ना, ती पासष्टच्या आधीची असेल तर वाकते, अन् नंतरची असेल तर तिला एक बारीक खाच...

काय? सावधान?

मी पण?

टाचा जोडल्या. हात सरळ. उदयसिंहजी, तुम्ही पण उभे राहा, मुठी बंद, अंगठा पुढे. बेबी, बघ, असं सांगायचं असतं, इतकी वर्षं तू उगाच खोकत...

जी, आईसाहेब.